फ्लाइटगियरला तोंडी हुकूम पाळायला शिकवा: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

लँडिंगच्या वेळी एक हात जॉयस्टिकवर, दुसरा थ्रॉटलवर, आणि नेमके तेव्हाच फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली-वर होणाऱ्या झडपा) लावायचे असतात. कीबोर्डवर चौकोनी कंसाची की शोधायला मान खाली घातली की वर बघेपर्यंत रनवे कुठच्या कुठे सरकलेला असतो. दोन वैमानिकांच्या खऱ्या विमानात हा प्रश्न येत नाही कारण उडवणारा नुसतं "फ्लॅप्स टेन" म्हणतो, शेजारचा लिव्हर हलवतो आणि झालं की उलट सांगतो. तो शेजारचा माणूस आपल्याला घरच्या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सिममध्ये, बसवायचाय, बाकी काही नाही.

आणि हे आधीच सांगून ठेवते, कारण बहुतेक जण इथेच फसतात: आवाजाने विमान उडवायचं नाही. "थोडं डावीकडे, अजून थोडं" असलं काही करायला गेलात तर बोलणं ओळखून हुकूम पोचेपर्यंत सहज अर्धा-एक सेकंद जातो आणि तोवर विमान तिरकं झालेलं असतं. स्टिक, रडर, ब्रेक हातापायातच ठेवा. आवाजाकडे फक्त तीच कामं द्या जी को-पायलटकडे असतात, म्हणजे फ्लॅप्स, चाकं, दिवे, हेडिंग बग (कुठल्या दिशेने जायचं ती होकायंत्रावरची खूण), चेकलिस्ट वाचून दाखवणं, स्पीड किती उंची किती ते सांगणं.

मी इथे फ्लाइटगियर हे सिम घेतलंय कारण ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर चालतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या आतलं जवळपास सगळं बाहेरून वाचता-बदलता येतं. आवाज ओळखायला व्होस्क, तेही फुकट, आणि इंटरनेट नसतानाही चालतं. मधला पूल पायथनमध्ये. पायथन थोडंफार येत असेल, म्हणजे लूप, डिक्शनरी, फंक्शन एवढं, तर पुरे. महागडं ग्राफिक कार्ड आवाजासाठी लागत नाही, पण माइकवाला हेडसेट मात्र हवाच, लॅपटॉपच्या आतल्या माइकवर विसंबू नका.

व्हिस्पर का नाही, असं कुणीतरी विचारणारच. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये काढलेलं ते मॉडेल मराठीसकट कितीतरी भाषा ओळखतं, लांब बोलणं उतरवून घ्यायला मस्तच आहे. पण आपल्याला निबंध उतरवायचा नाहीये, वीस-पंचवीस ठरलेले हुकूम ओळखायचेत. व्हिस्पर शांततेतसुद्धा कधीकधी मनाचंच वाक्य तयार करतं, आणि त्याला "फक्त हेच शब्द ऐक" असं सरळ बांधून घालता येत नाही. व्होस्कला येतं. इथे तेच सगळ्यात कामाचं.

पायरी १: आधी कागद-पेन

कोडला हात लावू नका. कागदावर दोन रकाने करा, एकात मी काय बोलणार, दुसऱ्यात विमानात काय बदलणार. सुरुवातीला दहाच्या वर जाऊ नका. फ्लॅप्स अप, फ्लॅप्स टेन, फ्लॅप्स ट्वेंटी, फ्लॅप्स थर्टी, पार्किंग ब्रेक सेट, पार्किंग ब्रेक रिलीज, लँडिंग लाइट ऑन, लँडिंग लाइट ऑफ, चेक स्पीड, चेक अल्टिट्यूड. झाले दहा.

शब्द निवडताना एकमेकांसारखे वाजणारे हुकूम टाळा. "गियर अप" आणि "फ्लॅप्स अप" कागदावर वेगळे दिसतात, पण इंजिनाच्या घरघरीत शेवटचा "अप" तेवढा ऐकू येतो आणि त्याच्या आधीचा शब्द खाल्ला जातो. लँडिंगनंतर फ्लॅप्स वर घ्यायच्या ऐवजी चाकंच वर घेतली असले अपघात खऱ्या वैमानिकांकडूनही झालेत, मग आपलं मशीन काय चीज. असल्या जोडीतला एक हुकूम लांब करून टाका, "लँडिंग गियर रिट्रॅक्ट" असं काहीतरी. बोलायला जड जातं पण चुकून येत नाही.

विमानवाले शब्दांच्या बाबतीत एवढे काटेकोर का असतात ते समजून घ्यायचं तर तेनेरीफ या स्पॅनिश बेटावरचा अपघात बघा. २७ मार्च १९७७ ला तिथल्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाला परवानगी मिळाली होती ती उड्डाणानंतर कुठल्या मार्गाने जायचं त्याची, निघायची नाही, पण त्या संदेशात "टेकऑफ" हा शब्द येऊन गेला होता, आणि ते विमान सुटलं. त्यानंतर नियम असा झाला की "टेकऑफ" हा शब्द फक्त प्रत्यक्ष निघायची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, एरवी "डिपार्चर" म्हणायचं. आपल्या यादीलाही हाच नियम लावा. एक शब्द एकाच कामाला. "सेट" जर ब्रेकला वापरला तर हेडिंगलाही तोच नको, तिथे सरळ "हेडिंग झीरो नाइन झीरो" एवढंच बोला.

पायरी २: फ्लाइटगियरचं मागचं दार उघडा

फ्लाइटगियरच्या आत विमानाची सगळी अवस्था एका मोठ्या झाडासारख्या रचनेत असते, तिला प्रॉपर्टी ट्री म्हणतात, आणि फोल्डरच्या आत फोल्डर असावेत तसे त्याचे पत्ते असतात. फ्लॅप्सचा लिव्हर कंट्रोल्स, मग फ्लाइट, मग फ्लॅप्स या पत्त्यावर. पार्किंग ब्रेक कंट्रोल्स, गियर, ब्रेक-पार्किंगवर. स्पीडोमीटरचा काटा इन्स्ट्रुमेंटेशनखाली एअरस्पीड-इंडिकेटरमध्ये. सिम चालू असताना वरच्या डीबग मेनूतून प्रॉपर्टी ब्राउझर उघडा आणि एकीकडे कीबोर्डने फ्लॅप्स हलवत दुसरीकडे आकडा बदलताना बघा. पंधरा-वीस मिनिटं नुसतं हेच करा, पुढचा निम्मा गोंधळ वाचतो.

आता हे झाड बाहेरून हलवायचं तर लाँचरमध्ये सेटिंग्जच्या पानावर अगदी खाली अ‍ॅडिशनल सेटिंग्जची चौकट असते, तिथे दोन डॅश, टेलनेट, बरोबरचं चिन्ह आणि ५४०१ असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहा (टेलनेट म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमशी ओळी लिहून बोलायची जुनी पद्धत). सिम सुरू झालं की त्याच कॉम्प्युटरवरच्या ५४०१ पोर्टला जोडता येतं. विंडोजमध्ये टेलनेट क्लायंट मुळात बंद असतो, विंडोज फीचर्समधून चालू करा नाहीतर पुट्टी हा प्रोग्रॅम वापरा. जोडलं गेलं की एलएस लिहून एंटर मारा, झाडाच्या फांद्या दिसतील. गेट आणि पत्ता लिहिलं की किंमत कळते, सेट, पत्ता आणि नवी किंमत लिहिलं की बदलते. हाताने फ्लॅप्सला ०.३३३ सेट करून बघा, बाहेरच्या व्ह्यूमधून पंख बघत. खाली आले? मग निम्मं काम झालं, खरंच.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, या दाराला कुलूप नाही, पासवर्ड वगैरे काही मागत नाही, त्यामुळे राउटरवर हे पोर्ट बाहेर उघडून ठेवायचा शहाणपणा करू नका. दोन, फ्लाइटगियर हे दार मुळात सेकंदाला पाचच वेळा बघतं, म्हणून हुकूम द्यायला एक-पंचमांश सेकंद इकडेतिकडे होणार, त्यात बिघडलेलं काही नाही.

पायथनमधून जोडायचं तर जुन्या ट्युटोरियलमध्ये टेलनेटलिब दिसेल. ते पायथन ३.१३ पासून काढून टाकलंय, तेव्हा त्याच्या नादी न लागता सरळ सॉकेट वापरा. जोडणी झाल्यावर पहिली ओळ "डेटा" एवढीच पाठवा, म्हणजे उत्तरं सजावटीशिवाय नुसत्या आकड्यात येतात. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन दोन्ही लावा.

पायरी ३: माइक आणि व्होस्क

पिपने (पायथनची पॅकेजं उतरवणारा हुकूम) व्होस्क आणि साउंडडिव्हाइस ही दोन पॅकेजं टाका. व्होस्कच्या पायथन उदाहरणांमध्ये टेस्ट मायक्रोफोन नावाची फाइल आहे, आपलं काही लिहायच्या आधी तीच चालवा. तिच्यात उपलब्ध माइकची यादी काढायचा पर्याय आहे, आणि मॉडेलसाठी भारतीय इंग्रजीचा कोड दिला की छोटं मॉडेल आपोआप उतरतं, चाळीस एमबीच्याही आत. अमेरिकन मॉडेलवर उगाच तोंड वाकडं करत बसू नका, आपलं "थ्री" आणि आपलं "व" जसं आहे तसं भारतीय मॉडेलला जास्त बरं कळतं.

हिंदीचंही मॉडेल आहे आणि ते देवनागरीत उत्तर देतं. हिंदीत हुकूम द्यायचे असतील तर खुशाल ते घ्या, पण खास मराठी शब्द त्यात टाकायला जाल तर जो शब्द मॉडेलच्या शब्दसंग्रहातच नाही तो ते ऐकू शकत नाही. तसंही विमानवाल्यांची आंतरराष्ट्रीय भाषा इंग्रजीच आहे, मी तरी इंग्रजी हुकूमच वापरते.

आवाज १६००० हर्ट्झ, एक चॅनल, १६ बिट असा द्यायचा. साउंडडिव्हाइसचा ब्लॉक उदाहरणात ८००० नमुन्यांचा असतो म्हणजे अर्धा सेकंद, तो २००० वर आणा, ताबडतोब चपळ वाटायला लागेल. बोलताना व्होस्क अर्धवट निकाल देत राहतं आणि तुम्ही थांबलात की पक्का निकाल देतं. अर्धवट निकालावर कधीही कृती करू नका. "फ्लॅप्स" ऐकून "फ्लॅप्स टेन"चा अंदाज बांधणारा को-पायलट कुणाला हवाय.

पायरी ४: कान बांधून टाका

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. व्होस्कचा रेकग्नायझर तयार करताना मॉडेल आणि सँपल रेटनंतर तिसरी गोष्ट म्हणून वाक्यांची यादी देता येते. ती दिली की तो सगळी इंग्रजी भाषा सोडून तेवढ्याच शब्दांत शोधतो. यादी न देता "फ्लॅप्स टेन" म्हणा, मग "क्लॅप्स देन", "लॅप्टॉप इन" असलं काहीही येऊ शकतं. यादी दिल्यावर तोच माइक, तोच गळा, आणि धडाधड बरोबर. हे छोट्या मॉडेललाच जमतं हं, एक जीबीवालं मोठं मॉडेल घेतलं आणि यादीचा काही परिणाम दिसेना असं झालं तर कारण हेच.

यादीत शेवटी चौकोनी कंसातलं अनोळखी शब्दाचं चिन्ह, यू एन के, नक्की घाला. ते नसलं तर तुम्ही खोकलात तरी त्या बिचाऱ्याला यादीतलाच कुठलातरी शब्द निवडावा लागतो. आतून कुणी "जेवायला येतेस का" म्हणून ओरडलं आणि पार्किंग ब्रेक लागला, असं व्हायला नको.

प्रोग्रॅम सुरू होताना खिडकीत येणारे इशारे वाचा. एखादा शब्द मॉडेलला माहीतच नसेल तर तो शब्द गाळल्याचं तिथे लिहून येतं, आणि मग तो हुकूम कितीही घसा ताणलात तरी चालत नाही. वैमानिक नऊला "नायनर" म्हणतात कारण रेडिओवर नाइन आणि फाइव्ह सारखे ऐकू येतात, पाचला "फाइफ" म्हणायची पद्धतही त्याचसाठी. हे शब्द गाळले गेले तर वाईट वाटून न घेता साधं नाइन आणि फाइव्ह ठेवा.

अजून एक खोच आहे. यादीत पूर्ण वाक्यं दिली तरी निकालात त्यांचेच शब्द उलटेसुलटे जोडून येऊ शकतात, म्हणजे "पार्किंग लाइट ऑन" असं कधीच न लिहिलेलं काहीतरी. म्हणून आलेलं वाक्य तुमच्या डिक्शनरीत जसंच्या तसं आहे का ते तपासा, नसेल तर सोडून द्या. जवळपासचं वाक्य शोधून चालवायचा मोह होतो, टाळा.

आकड्यांसाठी मात्र वेगळं करावं लागतं. हेडिंगची ३६० वाक्यं लिहीत बसायचं नाही. "हेडिंग" आणि झीरो ते नाइन हे दहा शब्द यादीत टाका, आणि निकाल "हेडिंग"ने सुरू होत असेल तर पुढचे शब्द आकड्यांत बदला. बरोबर तीन आकडे असले पाहिजेत आणि ३६० च्या वर जाता कामा नये. "हेडिंग नाइंटी" चालवून घेऊ नका, वैमानिक "झीरो नाइन झीरो"च म्हणतात आणि त्याचा फायदा असा की एक आकडा गळला की लगेच पकडता येतं. मुंबईच्या ०९ रनवेवरून निघालात तर पहिलं हेडिंग हेच बोलून बघा.

पायरी ५: हुकूम आला म्हणून लगेच पाळायचा नाही

ऐकलेलं वाक्य, प्रॉपर्टीचा पत्ता, नवी किंमत अशी डिक्शनरी केलीत की चालायला तर लागेल. पण चांगला को-पायलट आधी बघतो. फ्लाइटगियरमधलं नेहमीचं विमान सेसना १७२पी आहे, त्यात फ्लॅप्स ०, १०, २०, ३० अंश, म्हणजे झाडात ०, ०.३३३, ०.६६६ आणि १. त्या विमानात १० अंश ११० नॉटपर्यंत (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) लावता येतात, त्यापुढचे ८५ च्या खालीच. तेव्हा "फ्लॅप्स ट्वेंटी" ऐकलं की तुमच्या फंक्शनने आधी स्पीड विचारावा, ९८ असेल तर हुकूम न पाळता "स्पीड हाय" म्हणावं. चारच ओळींचं काम आहे, पण को-पायलट जिवंत वाटायला लागतो तो इथून.

चाकांचंही तसंच. गियरखाली प्रत्येक चाकाची डब्ल्यू ओ डब्ल्यू नावाची नोंद असते, चाकावर वजन आहे की नाही ते सांगणारी. वजन असेल तर चाकं वर घ्यायचा हुकूम नाकारा. नवख्यांचा एक ठरलेला प्रश्न: "गियर अप म्हणते तर काहीच होत नाही". अहो, १७२ ची चाकं पक्की असतात, वर जातच नाहीत! चाकं मिटणारं विमान घ्या आणि मग बघा.

ऑटोपायलटमध्ये जपून. १७२पी मध्ये केएपी १४० नावाचा ऑटोपायलट आहे आणि त्याची प्रॉपर्टीची फांदी वेगळी आहे, दुसऱ्या विमानात दुसरीच असेल. एका विमानासाठी लिहिलेली डिक्शनरी दुसऱ्याला जशीच्या तशी लागणार नाही, म्हणून प्रत्येक विमानाची वेगळी फाइल करा आणि पत्ते प्रॉपर्टी ब्राउझरमध्ये स्वतः बघून लिहा.

इंजिन बंद करणं, इंधन तोडणं असले हुकूम एका वाक्यावर ठेवू नका. पहिल्यांदा को-पायलटने विचारावं, मग पाच सेकंदांत "कन्फर्म" आलं तरच करायचं.

पायरी ६: उलट बोलता आलं पाहिजे

फ्लाइटगियरला स्वतःला बोलता येतं. सिम, साउंड, व्हॉइसेस या फांदीखाली एटीसी (जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक), पायलट, को-पायलट असे आवाज आहेत, त्यातल्या एकाच्या पत्त्यावर मजकूर सेट केला की तो मजकूर बोलून दाखवला जातो. व्हॉइसेस चालू असायला हवेत, ते त्याच फांदीवरच्या एनेबल्ड नावाच्या प्रॉपर्टीत बघा. आवाज अगदी रोबोटी आहे, पण चालतं.

उलट काय बोलायचं ते बघा. हुकूम पाठवला की लगेच "फ्लॅप्स टेन" म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं आहे, तुम्ही फक्त लिव्हर हलवलाय. खरे फ्लॅप्स हळूहळू खाली येतात आणि त्यांची खरी जागा सरफेस-पोझिशन्सखाली फ्लॅप-पॉस-नॉर्ममध्ये असते. ती दर अर्ध्या सेकंदाला वाचा, ०.३३ च्या आसपास स्थिरावली की मगच "फ्लॅप्स टेन सेट" म्हणू द्या. आणि विजेचा बिघाड मुद्दाम करून सराव करत असाल तर फ्लॅप्स हलणारच नाहीत, मग ठराविक वेळ वाट बघून "फ्लॅप्स नॉट मूव्हिंग" म्हणणारा को-पायलट मिळतो. मला या सगळ्या खटाटोपातला हा भाग सगळ्यात आवडतो, इथे वेळ घाला.

पायरी ७: बटण दाबून बोला

सतत ऐकणारा माइक ठेवलात तर पहिला घोळ असा होतो: को-पायलट स्पीकरवरून "फ्लॅप्स टेन सेट" म्हणतो, त्यातलं "फ्लॅप्स टेन" तेवढं माइकला ऐकू जातं, तो तोच हुकूम समजून परत पाळतो, परत बोलतो, आणि चालू राहतं. हेडफोन लावल्याने बरंचसं थांबतं पण खरा उपाय बटण. पायइनपुट पॅकेजने एखादी रिकामी की पकडा, उजवा कंट्रोल वगैरे, नाहीतर पायगेमने जॉयस्टिकचं बटण. दाबलं असेल तेव्हाच आवाज व्होस्ककडे जाऊ द्या. सोडल्यावर लगेच तोडू नका, साधारण ०.३ सेकंद अजून ऐका, कारण माणूस शेवटचा शब्द संपायच्या आतच बोट उचलतो. मग अंतिम निकाल मागा. खऱ्या रेडिओतही बटण दाबूनच बोलतात, त्यामुळे सवयही बरोबर लागते.

तपासताना आधी इंजिन बंद, विमान पार्किंगमध्ये. मग इंजिन चालू. मग हवेत. प्रत्येक वेळी काय ऐकलं, प्रत्येक शब्दाची खात्री किती होती, काय केलं हे एका फाइलमध्ये लिहून ठेवा. व्होस्कला शब्दांचा तपशील मागितला की तो ० ते १ मधला खात्रीचा आकडा देतो, ०.८ पासून सुरुवात करा आणि तुमच्या फाइलमधलं बघून वरखाली करा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बोलायला लावा, आपल्याच आवाजावर सगळं जुळवून घेतलेलं असतं ते तेव्हा कळतं.

दुसरं सिम वापरत असाल तर कान आणि डोकं हेच राहतं, फक्त दार बदलतं. एक्स-प्लेनला यूडीपीवर ४९००० पोर्टला हुकूम पाठवता येतात, तिथे प्रॉपर्टीऐवजी डेटारेफ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या सिमला सिमकनेक्ट नावाचं दार आहे. आणि कोड लिहायचाच नसेल तर विंडोजवर व्हॉइसअटॅक मिळतं, त्यात वाक्य बोललं की ठरलेली की दाबली जाते, बसवायला एक संध्याकाळ पुरते. फक्त ते नुसतं की दाबून मोकळं होतं, फ्लॅप्स खरंच खाली आले का ते त्याला आपणहून कळत नाही. सिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवत असाल तर व्हॉइसअटॅकही तसंच चालवा, नाहीतर की सिमपर्यंत पोचतच नाहीत.